फ्रिज चालू आहे, पण गार होत नाही: गॅस भरायच्या आधी काय बघायचं

कॉम्प्रेसर घुरघुरतोय, आतला दिवा लागतोय, आणि तरी सकाळी ठेवलेलं दूध संध्याकाळी फाटतं. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या घरांत ही तक्रार वर्षातून दोनदा ठरलेली: एकदा मे महिन्यात, फ्रीझर आमरस आणि कोलंबीने ठासून भरलेला असतो तेव्हा, आणि एकदा आषाढ-श्रावणात, भिंतींनाही ओल येते तेव्हा. ऐकणारा प्रत्येक जण एकच निदान सांगतो, ‘गॅस संपला असेल.’ फ्रिजमधला गॅस शेगडीच्या गॅससारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळला आहे, आणि गळती हे कारण यादीत बरंच खाली येतं. त्याच्या वरती रबर, धूळ, बर्फ आणि व्होल्टेज आहेत. त्यातलं निम्मं काम घरच्या घरी, फुकटात होतं.

आधी लक्षण ओळखा

- वर फ्रीझरात बर्फ होतोय, खाली भाजीचा कप्पा कोमट. दोन दारांच्या फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या, फ्रिजात ही सगळ्यात नेहमीची तक्रार.
- एका दाराच्या फ्रिजात फ्रीझरभोवती दोन बोटं बर्फ, ट्रे ओढला तरी निघत नाही.
- वर-खाली कुठेच धड गार नाही आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही.
- मागून ‘टक्’, मग थोडी घरघर, पुन्हा ‘टक्’. दर चार-पाच मिनिटांनी हेच.
- भाजीच्या ट्रेखाली पाणी, किंवा फ्रिजसमोर लादीवर थारोळं.
- दाराला बाहेरून घाम फुटतो.
- हात लावला की झिणझिण्या येतात. हे लक्षण असेल तर फ्रिजला हात न लावता त्या जागेचा एमसीबी (बोर्डावरचा, जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) पाडा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

थर्मामीटर, नॉब आणि आतली गर्दी

‘हाताला गार लागतंय’ हे मोजमाप नव्हे. बाहेर ३३ अंश असताना १२ अंशाची बाटलीही गारच लागते. फ्रिजचा साधा थर्मामीटर आणा, पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार पहिल्यांदा उघडाल तेव्हा बघा. २ ते ५ अंश सेल्सिअस असेल तर फ्रिज ठीक आहे, सवयीत कुठेतरी गडबड आहे. पाण्यातच ठेवायचा, कारण दार उघडलं की आतली हवा क्षणात तापते, पाणी तापत नाही. फ्रीझरसाठी तोच थर्मामीटर दोन गोठलेल्या पिशव्यांमध्ये दाबून ठेवा. तिथे उणे १८ हवेत.

नॉबवरचा मोठा आकडा म्हणजे जास्त गार. हे उलट समजून उन्हाळ्यात १ वर ठेवणारी घरं कमी नाहीत. मे महिन्यात ४ किंवा ५, पावसाळ्यात २ किंवा ३ पुरे. एका दाराच्या फ्रिजात भर पावसात नॉब शेवटच्या आकड्यावर ठेवला तर कॉम्प्रेसरला विश्रांती मिळत नाही आणि दमट हवेतलं सगळं पाणी फ्रीझरवर बर्फ होऊन बसतं. आकडा बदलल्यावर २४ तास थांबा, तासातासाला फिरवू नका.

१ जूनला मासेमारीची बंदी लागते, म्हणून मेअखेरीस फ्रीझरात सुरमईच्या तुकड्यांवर कोलंबी आणि कोलंबीवर आंब्याचा रस अशी रचाई होते. फ्रॉस्ट फ्री फ्रिजात गार हवा फ्रीझरच्या मागच्या भिंतीतल्या फटींतून येते आणि तिथूनच एका पोकळीवाटे खाली उतरते. त्या फटींवर डबा टेकला की वर दगडासारखं गोठतं आणि खाली दूध नासतं. मागे दोन बोटं जागा सोडा. ताजा माल एका वेळी दीड-दोन किलोच घाला, पिशव्या हाताने दाबून इंचभर जाडीच्या सपाट करा, आणि पहिला घाणा गोठल्यावरच दुसरा ठेवा. पाच किलो मासळी एकदम घातली तर ती मधोमध गोठायला दिवस लागतो, आणि तोवर शेजारचा जुना माल सैल पडतो.

फळ्यांवर प्लास्टिकच्या जाळीदार चटया किंवा वर्तमानपत्र अंथरायची पद्धत घरोघरी आहे. काढून टाका. एका दाराच्या फ्रिजात गार हवा आपल्या वजनाने फळ्यांमधून खाली उतरते, चटई तिला वरच अडवते.

दाराचं रबर

किनाऱ्यावर सगळ्यात आधी रबर जातं. खारट दमट हवा, घड्यांत साचलेलं मासळीचं पाणी, वर काळी बुरशी. रबरात लोहचुंबकाची पट्टी असते, ती दाराला चौकटीकडे ओढून धरते. रबर कडक झालं की ती ओढ पुरत नाही. मग दमट हवा आत शिरते, तिच्यातल्या पाण्याचा बर्फ होतो आणि कॉम्प्रेसर चोवीस तास धावतो.

दहा रुपयांची नोट दारात अर्धी धरून दार लावा आणि ओढा. अडखळत यायला हवी. चारही बाजूंना दर वीतभर अंतरावर हे करा. बिजागरीकडची बाजू आणि खालचे दोन कोपरे चुकवू नका, कारण बिघाड बहुधा तिथेच असतो. मग रात्री आत मोबाइलचा टॉर्च लावून ठेवा, दार बंद करा, स्वयंपाकघरातला दिवा घालवा. फट असेल तर उजेडाची रेघ दिसते.

उपाय क्रमाने असे. आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने घड्या साफ करा. निम्मी रबरं एवढ्यावरच चिकटू लागतात. कोपरा आत दबला असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर दोन-तीन मिनिटं धरा, बोटाने बाहेर ओढून आकार द्या आणि दार लावून दोन तास उघडू नका. बिजागरीच्या बाजूला व्हॅसलिनचं अगदी पातळ बोट फिरवा. खोबरेल लावू नका: तेल रबर फुगवतं आणि मुंग्यांना आमंत्रण देतं. रबर फाटलं असेल तर त्याच मॉडेलचंच आणा. ‘चालेल हो, साधारण मापाचं आहे’ असं म्हणून बसवलेलं रबर तीन महिन्यांत पुन्हा तोंड उघडतं.

फ्रिज पुढून किंचित उंच, म्हणजे मागे जरासा कललेला असावा. पुढचे पाय अर्धा सेंटिमीटरभर वर फिरवले की अर्धं उघडं दार आपोआप लागतं. जुन्या घरांत कोबा किंवा शहाबादी फरशी एकसारखी नसते, त्यामुळे हे तपासणं इथे जास्त गरजेचं.

जागा, जाळी आणि खारं वारं

आतली उष्णता बाहेर टाकायला फ्रिजला हवा लागते. मागे काळी जाळी असेल तर भिंतीपासून १० सेंटिमीटर अंतर ठेवा. नव्या फ्रिजांत ही जाळी दिसत नाही, ती दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड असते. त्यांच्या बाजू चटका लागावा इतक्या गरम होतात, तो दोष नाही. पण त्या बाजूंवर कव्हर घातलं, किंवा एका बाजूला तांदळाची कणगी आणि दुसऱ्या बाजूला भिंत अशा फटीत फ्रिज घातला, तर उष्णता जाणार कुठे? फ्रिजचं कव्हर ही वस्तू मुळात कशासाठी विकतात, हे कोडंच आहे.

महिन्यातून एकदा प्लग काढून जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडा. समुद्राकडच्या खिडकीसमोर फ्रिज असेल तर नुसती झाडलोट पुरत नाही. धुळीत मीठ असतं, मीठ हवेतली ओल धरतं आणि नळी गंजते. साध्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने जाळी पुसा, लगेच कोरडी करा. कॉम्प्रेसरजवळच्या वायरींच्या डबीला पाणी लागू देऊ नका. गंजलेल्या नळीवर पॉलिश पेपर मारू नका. आधीच पातळ झालेल्या नळीला त्यानेच भोक पडतं. खालच्या पत्र्याला आणि पायांना पावसाळ्याआधी रंगाचा हात द्या, तिथे काही हरकत नाही.

मुंग्या होतात म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवू नका. दुधाच्या जाळीच्या कपाटाला शोभणारी ती युक्ती फ्रिजचे पाय खाते. मागे कीटकनाशकाचा फवाराही नको, बऱ्याच फवाऱ्यांमधला दाबाचा वायू पेट घेतो आणि तिथेच रिलेची (कॉम्प्रेसर सुरू करणाऱ्या स्विचची) ठिणगी असते. मागे डोकावाल तेव्हा वायरी उंदराने कुरतडल्यात का आणि वायरींच्या डबीशी पाल चिकटून मेली आहे का, हेही बघा. दोन्ही गोष्टी वाटतात त्याहून नेहमीच्या आहेत.

पाणी आणि घाम

श्रावणात दाराला फुटणारा घाम बहुतेक वेळा बिघाड नसतो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर २८ अंशाच्या पृष्ठभागावरही दव धरतं. फ्रिजचा पत्रा हवेपेक्षा दोन अंशांनी गार असला की झालं. पुसा, खोलीत पंखा लावा. घाम एकाच पट्ट्यात, रबराशेजारी येत असेल तर मात्र नोटेची चाचणी पुन्हा करा.

भाजीच्या ट्रेखाली पाणी म्हणजे निचऱ्याचं भोक तुंबलंय. एका दाराच्या फ्रिजात ते मागच्या भिंतीत खाली दिसतं. सुई काढलेल्या ५० मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी, त्यात पेलाभराला अर्धा चमचा खायचा सोडा, हळूहळू सोडा. मागच्या तबकात पाणी पडल्याचा आवाज आला की काम झालं. तार घालू नका. फ्रॉस्ट फ्रीमध्ये हे भोक फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड असतं आणि त्यात बर्फ धरलेला असतो, त्याचा उपाय पुढच्या भागात आहे.

लादीवर पाणी आलं तर आधी कॉम्प्रेसरवरचं तबक बघा. एरवी कॉम्प्रेसरच्या उष्णतेने त्यातलं पाणी उडून जातं. जुलैत हवाच पाण्याने भरलेली, पाणी उडणार कुठे? तबक भरून सांडतं आणि घरचे फ्रिजला दोष देतात. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी ते रिकामं करा. त्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डासही अंडी घालतात.

बर्फाची भिंत

एका दाराच्या फ्रिजात बर्फ अर्धा सेंटिमीटर जाड झाला की डीफ्रॉस्टचं, म्हणजे बर्फ वितळवायचं, बटण दाबायचं. बर्फ पांघरुणासारखा असतो, तो थंडी फ्रीझरातच कोंडून ठेवतो. घाईत सुरी, उलथनं किंवा स्क्रूड्रायव्हर घेऊन बर्फ फोडायला जाऊ नका. आतला पत्रा पातळ ॲल्युमिनियमचा असतो आणि गॅस त्याच्याच पोटातून फिरतो. टोक लागून ‘फुस्स’ झालं की पाच मिनिटांच्या घाईचे काही हजार रुपये होतात. गरम पाण्याचं पातेलं फ्रीझरात ठेवा, खाली फडकी अंथरा, दार उघडं ठेवा. वाट बघणं हेच काम.

फ्रॉस्ट फ्रीमध्ये बर्फ डोळ्यांना दिसत नाही. गारवा तयार करणारी कॉइल फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिकच्या पत्र्याआड असते, एक छोटा पंखा तिच्यावरून हवा ओढतो. कॉइलवर दव गोठतंच, म्हणून कॉम्प्रेसर काही तास चालला की एक हीटर लागून ते वितळवतो. हीटर, त्याचा सेन्सर, फ्यूज किंवा टायमर यांतलं एक जरी गेलं तरी बर्फ वाढत जातो, पंखा बुजतो आणि खाली हवा जाणं बंद होतं. वर गार, खाली गरम याचं हे मुख्य कारण.

आधी पंखा ऐका. फ्रीझरचं दार उघडून चौकटीवरचं बटण बोटाने दाबून धरा. बहुतेक मॉडेलांत पंखा दार उघडल्यावर थांबतो आणि बटण दाबल्यावर सुरू होतो. घरघर किंवा खरखर आली तर पात्याला बर्फ घासतोय. काहीच आवाज नाही तर पंखा एक तर गोठलाय, नाहीतर जळलाय.

मग पूर्ण डीफ्रॉस्ट करा. मासळीचा थर्माकोलचा डबा आणा, तळाला बर्फ घालून माल त्यात ठेवा. प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुनी चादर गुंडाळून लावा आणि पूर्ण २४ तास फ्रिज तसाच राहू द्या. पाच-सहा तासांत समोरचं पाणी थांबतं आणि सगळे फसतात. पत्र्याआडची लादी तेव्हा अजून अर्धीही वितळलेली नसते. हेअर ड्रायरने घाई केली तर प्लास्टिक वाकतं. वितळल्यावर निचऱ्याचं भोकही आपोआप मोकळं होतं. आतून कोरडं पुसून फ्रिज सुरू करा, चार-सहा तास रिकामा चालवा, मग माल भरा.

आता तारीख लिहून ठेवा. फ्रिज काही महिने नीट चालला तर दोष दाराचा किंवा गर्दीचा होता. एक-दोन आठवड्यांत पुन्हा खाली गरम झालं तर डीफ्रॉस्टची यंत्रणा गेली आहे. तो भाग बदलायला मेकॅनिक लागतो, गॅस लागत नाही. २४ तास बंद ठेवूनही काही फरकच पडला नाही तर पुढे वाचा.

व्होल्टेज आणि ‘टक्’

घरात २३० व्होल्ट यायला हवेत. संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान, लाइनच्या टोकाच्या वाडीत, सगळ्यांचे पंप आणि पंखे एकदम लागले की तो आकडा बराच खाली येतो. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना मोठा झटका ओढतो. १८० च्या खाली तो उठतच नाही, नुसता गुरगुरतो, तापतो, मग ओव्हरलोड, म्हणजे त्याला जळण्यापासून वाचवणारा छोटा स्विच, त्याची वीज तोडतो. तोच ‘टक्’. थंड झाला की पुन्हा प्रयत्न, पुन्हा टक्. असे काही तास काढले तर कॉम्प्रेसरची वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या तारांची गुंडाळी, जळते.

आवाज ऐकला की प्लग काढा. स्टॅबिलायझर असेल तर त्याचा आकडा बघा. आकडा ठीक असतानाही टक्-टक् चालूच राहिली तर रिले आणि ओव्हरलोडची जोडी संशयित. हा काही शे रुपयांचा भाग आहे. ‘कॉम्प्रेसर गेला’ असं कोणी सांगितलं तर रिले बदलून पाहिला का, हे पहिल्यांदा विचारा.

लाइट जाऊन लगेच आली तर फ्रिज पाच मिनिटं तरी बंद हवा. नळ्यांतला दाब उतरायला तेवढा वेळ लागतो, दाबाविरुद्ध कॉम्प्रेसर उठत नाही. स्टॅबिलायझर घ्याल तो फ्रिजसाठीचाच आणि उशिरा चालू होणारा घ्या. टीव्हीचा चालत नाही. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या नव्या फ्रिजांवर व्होल्टेजची मर्यादा छापलेली असते. तुमच्याकडे त्याच्या खाली जात असेल तर ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ हे दुकानातलं वाक्य तुमच्या वाडीला लागू नाही. मेअखेरच्या आणि परतीच्या पावसातल्या विजांत यांचे आतले इलेक्ट्रॉनिक बोर्ड जातात, गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा. घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरवर फ्रिज लावायचा असेल तर तो साइन वेव्हचा आणि तेवढ्या क्षमतेचा हवा.

बर्फाचा ट्रे आणि आइस मेकर

बर्फाला मासळीचा वास येतो, कारण पाणी गोठताना आजूबाजूचा वास धरतं. ट्रेला झाकण आणि मासळीला घट्ट डबा, एवढाच उपाय. ट्रे तळाला चिकटतो, कारण खाली सांडलेलं पाणी गोठतं. ट्रे ठेवण्याआधी त्याचा तळ कोरडा पुसा.

मोठ्या फ्रिजातला आपोआप बर्फ करणारा आइस मेकर इथे बंद पडतो तो बहुधा पाण्याच्या दाबामुळे. ज्याला नळाची जोडणी लागते, त्याला साधारण दीड बारच्या आसपास दाब हवा असतो. नेमका आकडा माहितीपुस्तिकेत असतो. दहा मीटर उंचीवरची टाकी एक बार देते. स्लॅबवरची चार मीटरवरची टाकी अर्धा बारही देत नाही. मग वडी अर्धवट भरते, पोकळ निघते, नळीतच थेंब गोठतो. छोटा बूस्टर पंप हा त्यावरचा उपाय, आइस मेकर बदलणं नव्हे. त्याआधी आइस मेकर थांबवणारी तार किंवा दांडा वर अडकून ‘बंद’ स्थितीत आहे का ते बघा, पाण्याचा फिल्टर सहा महिन्यांनी बदलताय का ते आठवा, आणि फ्रीझर उणे १८ च्या जवळ आहे ना हे मोजा. विहिरीच्या पाण्यातला गाळ व्हॉल्व्हच्या जाळीत बसतो, आणि तिथे पाणी बंद करून मेकॅनिकने हात घातलेला बरा.

लाइट दोन दिवस नसेल तर

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत कित्येक गावांना बरेच दिवस वीज नव्हती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. दार न उघडता फ्रिजचा खालचा भाग चार तास तग धरतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. म्हणून वादळाची सूचना आली की फ्रीझरातल्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या, वर थोडी जागा सोडून, गोठवून ठेवा.

एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा आणि ती वाटी फ्रीझरातच राहू द्या. परत आल्यावर नाणं तळाशी असेल तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय. तो माल टाका. बांगडा, सुरमई, कुपा या माशांत उबेने हिस्टामाइन तयार होतं आणि ते शिजवून किंवा पुन्हा गोठवून जात नाही. वास चांगला असला तरी तोंडाला चुरचुरतं, अंग लाल होतं.

इथे थांबा

शॉक लागत असेल तर आधी एमसीबी, मग इलेक्ट्रिशियन, त्यानंतर फ्रिजचा मेकॅनिक. अनवाणी ओल्या लादीवर ‘बघू खरंच लागतो का’ हा प्रयोग नको. जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही, चैत्र-वैशाखात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थ नावापुरती उरते. खड्ड्यात पाणी घाला, पण त्यावर विसंबू नका. अर्थिंग मोजून घ्या आणि ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून दोन पिनांच्या बोर्डात फ्रिज लावलेला असेल तर तो आजच बंद करा.

फ्रीझरात ‘फुस्स’ झालं तर लेबल वाचा. नव्या फ्रिजांत बहुधा आर-६००ए हा गॅस असतो. तो पेट घेतो आणि हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. शेगडी विझवा, दारं-खिडक्या उघडा, जवळचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका, प्लगही ओढू नका. मीटरजवळचा मेन स्विच बंद करा आणि खोलीबाहेर पडा.

कॉम्प्रेसर चालतोय, जाळी कोमटसुद्धा नाही, नळीच्या जोडाशी तेलकट काळा डाग आहे: इथे गळतीचा संशय खरा. तुमचं काम संपलं. मेकॅनिकला चार गोष्टी विचारा. गळती नायट्रोजनचा दाब भरून, साबणाच्या पाण्याने शोधणार का? गॅसच्या नळीतला फिल्टर नवा घालणार का? व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवणार का? गॅस वजनकाट्यावर मोजणार का? आर-६००ए ची पूर्ण भरती साधारण ३० ते ६० ग्रॅम असते, लेबलवर आकडा असतो, अंदाजाने भरून चालत नाही. व्हॅक्यूमवर इथे विशेष अडून बसा. कोकणातल्या हवेत उघडी राहिलेली नळी ओल ओढते, ती ओल कॅपिलरीत, म्हणजे गॅसच्या केसासारख्या बारीक नळीत, गोठते. मग फ्रिज तासभर गार होतो, थांबतो, वितळतो, पुन्हा गार होतो. तोच गॅस तीनदा भरून घेणारी घरं याच चुकीची किंमत देत असतात. गळती फोमच्या भिंतीत असेल आणि फ्रिज दहा-बारा वर्षांचा असेल तर त्यात पैसे घालू नका.

मेकॅनिक तालुक्याहून येणार, बोलावणं झाल्यावर दोन दिवस लागणार. शॉक, जळका वास, टक्-टक् किंवा ‘फुस्स’ नसेल तर तोवर फ्रिज मुद्दाम डीफ्रॉस्ट करून, धुऊनपुसून ठेवू नका. बर्फ कसा जमलाय यावरून दोष ओळखता येतो. कॉइलवर सगळीकडे सारखी जाड लादी असेल तर डीफ्रॉस्टचा दोष, नळीच्या सुरुवातीच्या एक-दोन वेढ्यांवरच बर्फ आणि पुढे कोरडं असेल तर गॅस कमी, कुठेच दव नसेल तर गॅस पूर्ण गेलेला किंवा कॉम्प्रेसर दाब देत नाही. एका दाराच्या फ्रिजात हे उघड दिसतं. फोटो काढा, लेबलचाही काढा, दोन्ही त्याला आधी पाठवा, म्हणजे तो योग्य भाग घेऊनच निघेल.